स्वादुपिंडातली गाठ, दर वेळी सीटीच का?

सांगलीकर: आईची मिरजेत सोनोग्राफी केली तर स्वादुपिंडात २ सेंमीची पाण्याची गाठ निघाली, मग सीटी झाला, आयपीएमएन (स्वादुपिंडाच्या नळीत चिकट स्राव करणारी, पुढं कॅन्सर होऊ शकणारी गाठ) असावी म्हणतात, आता सहा महिन्यांनी परत सीटी, एवढं रेडिएशन चालतं का ओ?

विटेकर: एमआरसीपी (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) जमतंय का विचारा की, रेडिएशन नाही आणि गाठ नळीला जोडलीय का ते नीट दिसतं. काकांचं तसंच चाललंय. सीटी वाईट नाही, गाठीत साठलेलं कॅल्शियम त्यातच चांगलं कळतं.

कराडची ताई: नुसती साईज बघत बसू नका. आत घट्ट गोळा, मुख्य नळी १० मिमी किंवा जास्त फुगलेली, नाहीतर गाठीमुळं कावीळ, यातलं काही असलं तर थेट सर्जन गाठा. ३ सेंमी झाली तर बहुतेक एंडोस्कोपिक सोनोग्राफी (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली) सांगतील. आणि जुनी सीडी जपा, तुलना त्याच्याशीच करतात!

सांगलीकर: रिपोर्टात नळी ४ मिमी आहे. एमआरसीपीचं विचारतो.