जिनिंगमध्ये रोजी बंद करून गाठीवर मजुरी द्यावी काय?

प्रश्न
नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) मी हजेरी आणि मजुरीचा हिशेब लिहितो. यंदाच्या हंगामापासून रोजी बंद करून तयार होणाऱ्या गाठींच्या संख्येवर मजुरी वाटावी, असे मालकांच्या मनात आहे. आवक चांगली असेल त्या दिवशी हाती जास्त पैसे पडतील म्हणून प्रेसवरचे गडी खूश आहेत. कापूस निवडणाऱ्या बाया मात्र नाराज आहेत, आणि तसे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. दोघांनाही रास्त वाटेल अशी पद्धत कोणी पाहिली असल्यास कृपया कळवावे.

उत्तर १ (निवृत्त सुपरवायझर, यवतमाळ)
भाऊ, बायांची नाराजी अगदी योग्य आहे. एक गाठ साधारण १७० किलो रुईची असते आणि तिला पाचेक क्विंटल कापूस लागतो. त्या कापसातून पाला, कवडी (किडका, डागाळलेला कापूस), सुतळीचे तुकडे आणि पोत्यांचे प्लास्टिकचे धागे हाताने वेचून काढावे लागतात. निवडणारी बाई जितकी काळजी घेईल तितका कापूस रेच्यावर (सरकी काढणाऱ्या यंत्रावर) उशिरा पोहोचेल आणि दिवसाच्या गाठी कमी निघतील, म्हणजे ज्या स्वच्छ रुईला व्यापारी चांगला भाव देतो, ती तयार करणारीचीच मजुरी या पद्धतीत कापली जाईल. शिवाय भाव वाढण्याची वाट पाहत शेतकरी कापूस घरात भरून ठेवतात, तेव्हा जिन बसून राहते. त्या दिवसांचा भार मजुराने का सोसावा?

उत्तर २ (कामगार कायद्याचे काम करणारा, अमरावती)
रोजी पूर्णपणे बंद करता येणार नाही. कामाच्या नगावर मजुरी दिली, तरी वेळेनुसार ठरलेल्या किमान वेतनापेक्षा ती कमी असू नये, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ते कायम आहे. मजूर कामाला तयार असून मालकाने काम दिले नाही, तर सामान्यतः त्या दिवसाचे पूर्ण वेतन द्यावे लागते. जादा वेळेचा दर दुप्पट असतो आणि वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक आहे. आपण हिशेब लिहिता, त्यामुळे हे मालकांच्या कानावर आपणच घालावे.

उत्तर ३ (जिनिंग कामगार, हिंगणघाट)
आमच्याकडे काही हंगामांपूर्वी रोजी कायम ठेवून वर गाठीमागे थोडी रक्कम सुरू झाली. तरीही कुरबुर थांबली नव्हती, कारण आठवड्याला मुकादम सांगेल तो आकडा मान्य करावा लागे आणि उचल किती कापली तेही कळत नसे. प्रत्येक गाठीवर क्रमांक आणि वजन लिहिलेलेच असते. पाळी सुटताना पहिला आणि शेवटचा क्रमांक फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायला लागल्यापासून ज्याला त्याला आपली मजुरी स्वतः मांडता येते आणि भांडणे बरीच कमी झाली. दर मात्र आजही कमीच आहे, त्याबद्दलचे आमचे म्हणणे वेगळे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. रोजी कायम आणि वरची रक्कम पूर्ण पाळीत समान, निवडणाऱ्या बायांसह, असा प्रस्ताव मी लेखी देणार आहे. समान वाटणीला प्रेसवाले तयार होतील काय?

उत्तर ३ (जिनिंग कामगार, हिंगणघाट)
आमचे सुरुवातीला तयार नव्हते. खराब रुईच्या गाठी परत आल्या की प्रेसच बंद ठेवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून बोलणी झाल्यावर मानले. बायांना त्या बैठकीत अवश्य बसवा.