मदत हवी आहे : 150 अंशांचा योग आणि षडाष्टक एकच का?

नमस्कार मंडळी. पत्रिकेतल्या दोन ग्रहांमधल्या अंशांच्या अंतरावरून धरले जाणारे मुख्य योग, म्हणजे युती (0), लाभयोग (60), केंद्रयोग (90), नवपंचम (120), प्रतियोग (180), हे सगळं बऱ्यापैकी जमतं. अडतंय ते पाश्चात्य पद्धतीतल्या गौण योगांपाशी: 30, 45, 135, 150 आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मांडलेले 72 व 144 अंश.

मुलीचा जन्म सप्टेंबर 2008 चा. सायन (वसंतसंपातापासून राशी मोजणाऱ्या) पत्रिकेत चंद्र मेषेत 12 अंशांवर, शनी कन्येत 13 अंशांवर. म्हणजे 151 अंश, फरक फक्त एकाचा. मन दुखावलं की ती बोलत नाही, कामाला लागते. परवा रात्री अकरा वाजता डाळ-तांदळाचे डबे पुसत बसली होती. मला तरी हा योग तिथे स्पष्ट दिसला.

आपल्याकडे षडाष्टक (एकमेकांपासून सहाव्या-आठव्या राशीत असणं) राशीवरून धरतात आणि लगेच अशुभ म्हणतात, विशेषतः गुणमेलनात. पाश्चात्य ज्योतिषी मात्र अंश मोजतात आणि ‘सतत जुळवून घ्यावं लागणं’ असा अर्थ लावतात. मला दुसरा अर्थ जास्त पटतो.

गौण योगांना तुम्ही दीप्तांश (अचूक अंशांपासून चालवून घ्यायचा फरक) किती देता? मी दोनच्या पुढे जात नाही. आणि 72 अंशांचा योग कुणी प्रत्यक्ष पत्रिकांत पडताळलाय का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.