मिस्टरांना स्टेंट बसलाय, आता घरचा स्वयंपाक नेमका कसा करायचा?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या ह्यांची (वय ४८) गेल्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली. सातपूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. छातीत जळजळ होतेय, अ‍ॅसिडिटी असेल म्हणून सोड्याची पुडी पाण्यात टाकून प्यायचे, मग एक दिवस कंपनीतच घामाने डबडबले आणि बरोबरच्या लोकांनी उचलून थेट हॉस्पिटलला नेलं. एलएडीला (हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीला) ९० टक्के ब्लॉक निघाला. एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकलाय, पंपिंग (हृदयाची रक्त ढकलायची ताकद) ४५ टक्के आहे म्हणतात. आता घरी आहेत, हिंडतात फिरतात, तसं बरं आहे.

प्रश्न खाण्याचा आहे. डिस्चार्जच्या वेळी एक झेरॉक्स कागद हातात दिला, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल आणि सामन मासा. आमच्याकडे बाजरीची भाकरी, मटकी, मेथी, शेंगदाण्याचं कूट, हे खाणारी सहा माणसं आहेत, त्यांना मी ब्रोकोली कुठून घालू? शिवाय कागदावर "मीठ कमी, तेल कमी" एवढंच लिहिलंय, कमी म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. सासूबाई ह्यांच्यासाठी वेगळं फिक्कं वरण आणि उकडलेली भाजी करतात. हे दोन घास खातात, ताट सरकवतात, आणि रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातून शेवेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. रविवारची मिसळ बंद केली म्हणून घरात तीन दिवस अबोला. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी प्लीज सांगा, रोजचं कसं बसवलंत?

बायपासवाले_काका

पोरी, आधी ते वेगळं पातेलं बंद कर. माझी २०१४ ला बायपास झाली, सातारला असतो. आमच्या घरात पण सुरुवातीला माझं ताट वेगळं होतं, आणि समोर सगळे झणझणीत खातायत आणि आपण पांढरं काहीतरी गिळतोय हे कुठल्याच माणसाला महिनाभरावर जमत नाही, तो चोरून खाणारच. सगळ्यांचं एकच पातेलं, आणि तेच थोडं उतरवायचं. ब्लॉक एकाला निघाला तरी तेल-मीठ सगळ्यांच्याच पोटात जातंय ना, आणि पोरं पण त्याच रक्ताची आहेत.

आता मीठ किती, तर त्याचा सोपा हिशोब आहे. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि यात सगळं आलं, पोळीतलं, भाजीतलं, लोणच्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे हा, माझ्या मनाचा नाही. सहा माणसं म्हणजे महिन्याला ९०० ग्रॅम. तर मिठाची किलोची पिशवी फोडशील त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख टाक. महिन्याच्या आत संपली तर बाहेरच्या पापड-फरसाणाचा हिशोब न करताच तुम्ही ठरलेल्या मिठाच्या वर गेलात. तेलाचं पण तसंच, आमच्या डाएटिशियन बाईंनी माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगितलंय, सहा जणांना तीन लिटर, त्यात तळण पण आलं. डबा वाण्याकडून महिन्यातून एकदाच आणायचा, मध्ये संपला तर मध्ये आणायचा नाही. चमचे मोजत बसण्यापेक्षा हे बरं पडतं, बायकोची कटकट पण होत नाही.

आणि मीठ भाजीत असतं त्यापेक्षा ताटाच्या डाव्या बाजूला जास्त असतं बघ. लोणचं, पापड (पापडखार म्हणजे सोडियमच आहे, वरून मीठ वेगळं), सांडगी मिरची, शेव, फरसाण, खारी, टोस्ट, ब्रेड. भाजीतलं निम्मं मीठ काढून पापड तसाच ठेवला तर उपयोग काय. आम्ही लोणच्याच्या जागी जवसाची आणि कारळाची चटणी आणली, मीठ नावाला, लसूण भरपूर. भाकरीत मीठ घालूच नका, बाजरीच्या भाकरीला तशी गरज नसते. आमटीला कोकम किंवा लिंबू पिळलं की कमी मीठ लक्षात येत नाही. सुरुवातीला सगळ्यांना अळणी लागेल, महिना दोन महिन्यांत जीभ बसते, मग बाहेरचं खाल्लं की खारट लागायला लागतं.

मिसळ बंद करू नकोस गं. मोड आलेल्या मटकीची उसळ ही गोष्ट वाईट नाहीच, वाईट आहे ती वरची तर्री आणि फरसाण. घरी कर, तेल कमी, रस्सा काळ्या मसाल्याचा, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि फरसाणाच्या जागी साळीच्या लाह्या. कुरमुरे नको, त्यांना आधीच मीठ लावलेलं असतं. पाव एकच.

तंबाखू खातात का ते लिहिलं नाहीस. खात असतील तर वरचं सगळं राहू दे, पहिलं ते सोडवा.

निसर्गाकडे_चला

ताई कशाला एवढं टेन्शन घेता. रोज सकाळी अनशापोटी एक ग्लास दुधीचा रस आणि अर्जुनसालीचा काढा, तीन महिन्यांत ब्लॉक आपोआप मोकळे होतात. माझ्या मेव्हण्याच्या मित्राने गोळ्या सगळ्या बंद केल्या, आज गिरनार चढून आला. या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी लिव्हर जातं, डॉक्टर सांगणार नाहीत.

सिस्टर_कार्डियाक

वरच्या सल्ल्यासाठी मुद्दाम लॉगिन केलंय. मी पुण्यात कार्डियाक वॉर्डला नर्स आहे, हे अर्धवट वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत म्हणून जरा मोठं लिहितेय.

स्टेंट नवीन असताना रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. अटॅक येऊन स्टेंट बसला असेल तर ही जोडी साधारण वर्षभर चालते. मधेच बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो अचानक बंद पडू शकतो, आणि असा पेशंट परत आणला की आमच्या हातात फार कमी वेळ असतो. दात काढायचाय, मूळव्याधीचं ऑपरेशन आहे, काहीही असो, कार्डिऑलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक डोस पण चुकवायचा नाही. टिकाग्रेलॉरने काही जणांना दम लागल्यासारखं होतं, तसं झालं तर फोन करा, ते गोळी बदलून देतात, आपल्या आपण थांबवू नका.

स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचं पण तेच. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक गोळी सोडतात, अहो गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलाय. आणि लॅबच्या कागदावर १०० पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं त्यावर जाऊ नका, अटॅक येऊन गेलेल्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. लिव्हरची भीती वाटत असेल तर एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या, डॉक्टर स्वतःच लिहून देतात. पिंडऱ्या, मांड्या खूप दुखायला लागल्या तर मात्र सांगा.

दुधीची भाजी खुशाल खा, रोज खा. कच्चा रस नको. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषारी द्रव्याने उलट्या, रक्ताच्या उलट्या, बीपी कोसळणं इथपर्यंत जातं. मृत्यू झालेत आपल्या देशात, आणि आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने त्यावर समिती नेमून कडू दुधीचा रस पिऊ नका असं सांगितलंय. अर्जुनसाल घ्यायचीच असेल तर आधी कार्डिऑलॉजिस्टला सांगून, आणि गोळ्यांच्या ऐवजी तर नाहीच.

ताई, अजून दोन गोष्टी. कोणीतरी सांगेल की लो सोडियम मीठ आणा. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. ह्यांना रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन अशी बीपी-हार्टची गोळी चालू असेल, किंवा किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम वाढून ठोक्यांची गडबड होते, म्हणून न विचारता आणू नका. साधंच मीठ कमी वापरा. आणि सोड्याची पुडी घरातून काढून टाका. एक तर तीही सोडियमच, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी छातीत जळजळलं की ती पिऊन वाट बघण्यात वेळ जाईल. दुखलं तर बसायचं, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी ठेवायची, पाच मिनिटांत उतार नाही पडला तर १०८. गाडी स्वतः चालवत निघायचं नाही, पुरुषमंडळींना ही फार हौस असते.

रत्नागिरीहून

इथे सगळे स्टेंटचंच लिहितायत म्हणून सांगते, वाचणाऱ्यांत कोणी हृदयाच्या झडपेचं पेशंट असेल तर हाच सल्ला तसाच उचलू नका. आमच्या आईला लहानपणच्या संधिवाती तापाने झडप खराब झालेली, आता कृत्रिम धातूची झडप आहे आणि अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू. तिच्या बाबतीत हिरव्या पालेभाज्या म्हणजे व्हिटॅमिन के, तो एकदम वाढला की गोळीचा जोर कमी पडतो. पण म्हणून पालेभाजी बंद असं नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची, एक आठवडा अजिबात नाही आणि श्रावणात रोज अळू, टाकळा, भारंगी असं करायचं नाही. तिचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) एकदा गडबडला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता, घरी काय सण होता का.

आणि तो सामन सोडा हो. बांगडा आणि तारली यात तेच चांगलं तेल असतं, पैसे पण कमी. फक्त रवा लावून तळायचे नाहीत, कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा. ओल्या नारळाचं वाटण पातळ घाला. खारवलेले सुके मासे मात्र विसरा, मिठातच वाळवलेले असतात ते.

खान्देशी_पोरगा

आमच्या पप्पांना ब्लॉक नाही, पण पंपिंग २५ आहे, हार्ट फेल्युअर म्हणतात. त्यांना पाणी पण मोजून आहे, दीड लिटर, त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं आलं. जळगावच्या उन्हाळ्यात हे किती अवघड आहे ते आम्हालाच माहिती. पण ताईंच्या मिस्टरांना डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर उगाच पाणी तोडू नका. आम्ही रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करतो आणि कॅलेंडरवर लिहितो. दोन तीन दिवसांत दोन किलो चढलं की ती चरबी नसते, पाणी साठलेलं असतं, पाय दाबून खड्डा पडतो का बघतो आणि डॉक्टरांना फोन. वांग्याच्या भरताच्या पार्ट्या वगैरे त्यांच्या चालू आहेत, भरीत भाजलेलंच असतं, वरचं तेल तेवढं कमी केलं.

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तंबाखू आहे, खोटं कशाला बोलू, चुना-तंबाखू, शिफ्टमध्ये जास्त. हॉस्पिटलपासून बंद आहे पण कंपनीत जायला लागल्यावर काय होईल सांगता येत नाही. सासूबाईंना काकांचा एकाच पातेल्याचा मुद्दा वाचून दाखवला, त्या म्हणाल्या मग मला पण अळणी खायला लावणार का. त्यांना स्वतःला बीपीची गोळी आहे!

अजून एक विचारायचं होतं. हे दिवसभर गप्प असतात, चालायला चला म्हटलं तर काही होईल अशी भीती वाटते म्हणतात, रात्री दचकून उठतात आणि स्वतःची नाडी धरून बसतात. किती चालवायचं, कधी चालवायचं? आणि एकादशीला साबुदाणा चालतो का, हे दोन्ही एकादश्या करतात.

सिस्टर_कार्डियाक

भीती वाटणं फार कॉमन आहे, वॉर्डमधले धिप्पाड पैलवान पण घरी गेल्यावर असेच होतात. महिन्या-दोन महिन्यांत कमी नाही झालं, जेवण झोप उडाली, तर फॉलोअपला डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्याला पण औषध आणि समुपदेशन असतं. मोठ्या हॉस्पिटलांत कार्डियाक रिहॅब असतं, तिथे मॉनिटर लावून चालवतात, निदान पहिल्या काही वेळा तसं चालले की पेशंटचा धीर चेपतो.

घरी करायचं तर डॉक्टरांच्या परवानगीने सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू वाढवत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालता चालता बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर वेग कमी. जेवल्या जेवल्या नाही. तुमच्या नाशिकच्या थंडीत पहाटे तर अजिबात नाही, ऊन पडल्यावर निघा. सुरुवातीला तुम्ही बरोबर जा.

आणि एक विचारायला सगळे लाजतात म्हणून मीच सांगते. नवरा-बायकोचे संबंध परत सुरू करता येतात, दोन मजले जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता आले की साधारण हरकत नसते, फॉलोअपला विचारून घ्या. फक्त ती 'ताकदीची' गोळी (व्हायग्रासारखी) मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, जिभेखालच्या गोळीबरोबर तिचा संयोग जिवावर बेततो.

बायपासवाले_काका

तंबाखूचं असं, कंपनीत पहिल्या दिवशी गेल्या गेल्या बरोबरच्यांना सांगून ठेवायचं की मला देऊ नका. पुडी मागायला जायचं ठिकाण आणि वेळ ठरलेली असते, चहानंतर नाहीतर शिफ्ट बदलताना, त्या वेळी तोंडात बडीशेप, लवंग काहीतरी पाहिजे. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं असतात, फुकट असतं, लाजायचं काही नाही.

सासूबाईंना सांग, त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलं असणार, विचारून बघा.

एकादशीचं म्हणशील तर साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च, तूप आणि मूठभर दाणे, वर बटाट्याचा तळलेला कीस आणि उपवासाचा चिवडा. त्यापेक्षा वरईचा भात, दाण्याची पातळ आमटी, काकडी, ताक, एखादं फळ. शुगर असेल तर उपास करायचाच का ते डॉक्टरांना विचारा. पण त्यात एक मोठी गोम आहे, आमच्या आळीतले दोघं तिघं उपासाच्या दिवशी सकाळच्या गोळ्याच घेत नाहीत, का तर रिकाम्या पोटी नको. त्या दिवशी लवकर केळं आणि कपभर दूध घ्यायचं आणि सगळ्या गोळ्या रोजच्या वेळेला घ्यायच्या. विठोबा काही म्हणत नाही.