आधी टेप आणि सूत, ड्रिल मशीन नंतर

सोमवारपासून मिस्त्रींच्या हाताखाली पहिल्यांदाच फ्लॅटच्या फर्निचरच्या कामाला जातोयस आणि कोणती हत्यारं घेऊ, असं विचारलंयस. तुझ्या प्रश्नाला वर दोघांनी उत्तरात ड्रिल मशीन सुचवलंय. माझं ऐक, आत्ता त्यात पैसे घालू नकोस, मशीन साइटवर असतंच. मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन पाच मीटरची चांगली टेप, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), डोळ्यांसाठी चष्मा आणि धुळीचा मास्क घे. बास.

सूत हे माप मात्र आजच पाठ कर. 1 इंच म्हणजे 8 सूत, 19 एमएमचा प्लाय म्हणजे जवळपास 6 सूत. मिस्त्री "दोन फूट तीन इंच पाच सूत" असं ओरडतात तेव्हा हिशेब करत बसायला वेळ नसतो.

दुसरं, कटरच्या पात्याची जाडी. पहिल्याच महिन्यात परळच्या एका चाळीतल्या खोलीत मी आठ बाय चारच्या शीटवर फूट-फूट अंतराने चार पट्ट्या आखल्या आणि कापल्यावर माप कमी भरलं. पातं एका कापात साधारण 3 एमएम लाकूड खातं, तीन कापांत 9 एमएम गेले! मिस्त्री रागावले नाहीत. टेप माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "आता मोज." तेव्हापासून अशी पट्टी मी 302 एमएमचीच धरतो, आणि एक काप झाल्यावरच पुढची रेघ मारतो.

कटर चालवताना हातमोजे नकोत, सैल बाह्याही नकोत. आणि हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती मिळणार ते पहिल्याच दिवशी विचार, लाजू नकोस.