नेहमीचंच ना?

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी खुर्ची ओढायच्या आत वेटर विचारतो, "नेहमीचंच ना?" बरं वाटतं. जवळच्या दवाखान्यातही हाच प्रश्न यायचा आणि तिथेही बरंच वाटायचं. सर्दी झाली की ठरलेली अँटिबायोटिक, तीन दिवस. मागे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी बसलेल्या मॅडमनी टॉर्च लावून घसा बघितला, छाती तपासली आणि म्हणाल्या, "ही गोळी जिवाणूंवर चालते, तुमची सर्दी विषाणूची आहे. आठवड्यात जाईल." गेली की! सहा-सात वर्षं उगाच गिळल्या म्हणायच्या.

तुमचेही दवाखान्याचे, हॉटेलांचे अनुभव लिहा. नावं नकोत, तपशील हवेत. नुसतं "मस्त आहे" किंवा "लुटतात" चालणार नाही.

*

आमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायम बंद. धापा टाकत पोचले, तोच कंपाउंडरने स्वेटरच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळला. माझे पाय स्टुलावरून लोंबकळतायत, आणि हा पट्टा फुगवता फुगवता विचारतोय, "मुलगी काय करते हल्ली?" मीही सांगत सुटले. आकडा आला १५८/९६. गोळी लिहून मिळाली.

ती सुरू करण्याआधी भावाने त्याचं मशीन आणलं. पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड छातीच्या उंचीवर. १२८/८०. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं आणि गोळी खोडली. कंपाउंडर मात्र बरेच दिवस फुगून होता, त्याच्या पट्ट्यासारखा.

*

मी एका हॉटेलवाल्याशी चार लोकांत भांडले आहे, आणि चूक माझी होती. हे लिहायला धीर लागला.

दुपारी त्याच्याकडे जेवले, तासाभरात ताप, जुलाब. दोन दिवसांनी बरी झाल्यावर थेट त्याच्या गल्ल्यासमोर जाऊन "शिळं घालता लोकांना!" वगैरे सगळं बोलून घेतलं. तो बिचारा "ताई, आत येऊन बघा" एवढंच म्हणत राहिला. मी कशाला बघतेय.

नंतर डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी आदल्या तीन दिवसांचं खाणं विचारलं. म्हणाले, शेवटचं जेवण दोषी असेलच असं नाही. काही जंतूंचं तयार विष अर्ध्या तासातही उलट्या सुरू करतं, पण साल्मोनेलासारख्यांना सहा तासांपासून काही दिवस लागतात, आणि तापासकट जुलाब बघता त्यांचा संशय त्यावरच होता. आदल्या दिवशी मी घरीच, संध्याकाळपासून ओट्यावर राहिलेलं सकाळी न तापवता खाल्लं होतं. शिजवलेलं दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये हे मीच सगळ्यांना सांगत असते!

माफी मागितली. आता मी दिसले की तो मोठ्याने ओरडतो, "ताई आल्या, ताजं काढा!" सगळं हॉटेल वळून बघतं. भोगा म्हणायचं.

*

मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. "शेंगदाणा नाहीये ना?" विचारलं की बहुतेक ठिकाणी मान न वळवता "नाही, नाही". एकाच ठिकाणी मालक आत गेला, आचाऱ्याला विचारून आला आणि म्हणाला, "यात नाही, पण कढई आणि झारा तोच वापरतो. त्याला इथे देऊ नका." आम्ही न खाता उठलो. मोठ्यांना जेवायचं असलं की आता तिथेच जातो.

*

सासूबाईंना सलाईन लावल्याशिवाय डॉक्टर आवडत नाही. आमचे डॉक्टर हट्टी. उलटी थांबली आहे, तोंडाने पाणी जातंय, मग सुई कशाला? लिटरभर पाण्यात ओआरएसचं पाकीट, घोट घोट घ्या, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. श्रेय अंगाऱ्याला मिळालं.

*

वरचं सगळं वाचून नेहमीच्या डॉक्टरची बाजू घ्यावीशी वाटली. मी पाठदुखीसाठी गेलो होतो. ते पाठीकडे बघायच्या आधी माझ्या पट्ट्याकडे बघत म्हणाले, "दोन भोकं आत गेलाय की हो. तहान फार लागते का?" लागत होती. उपाशीपोटी साखर २१२ निघाली. नवख्या माणसाला माझा जुना पट्टा कुठून माहीत असणार?

हॉटेलातल्या वेटरला अजून सांगितलेलं नाही. तो "नेहमीचंच?" विचारतो, मी मान हलवतो आणि गोड तेवढं शेजारच्या बाकावर सरकवतो.