चौथीचा वर्ग पालकांना दाखवताना : तुमचे अनुभव लिहा

मी चौथीला शिकवते. वर्षाच्या सुरुवातीची पालकसभा जवळ आली की दरवेळी तोच प्रश्न पडतो: तास-दीड तासात पालकांना नेमकं काय सांगायचं? वेळापत्रक, पुस्तकांची यादी, चाचण्यांच्या तारखा हे सगळं एका कागदावर मावतं. पण मूल वर्गात पाऊल टाकल्यापासून शेवटची घंटा होईपर्यंत काय करतं आणि चौथी तिसरीपेक्षा वेगळी का, हे त्या कागदावर येत नाही.

चौथी खरंच वेगळी आहे. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं, चौथीपासून त्याला वाचून शिकावं लागतं. वाचनाचे टप्पे मांडणाऱ्या जीन चॉल या अमेरिकी संशोधक बाईंनी 1983 साली याच वळणावर बोट ठेवलं होतं. ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय वाचन पाहणी 2001 पासून दर 5 वर्षांनी होते. तीही चौथीच्याच मुलांची असते, कारण हेच वळण. इथून उतारे लांबतात, एकेका गणितात तीन-चार पायऱ्या येतात, आणि वही, गृहपाठ, दप्तर मुलानं स्वतः सांभाळावं अशी अपेक्षा सुरू होते.

माझं मत असं झालंय की वर्ग सांगू नये, दाखवावा. पण ते माझं झालं. तुम्ही पालक असाल तर अशा सभेतून घरी काय घेऊन गेलात? शिक्षक असाल तर काय करून पाहिलंत? काय राहून गेलं? सविस्तर लिहा. शाळेचं आणि मुलांचं नाव कृपया नको.

मुलीचे बाबा

आमच्या बाईंनी भाषण केलंच नाही. दारात उभ्या राहून त्यांनी आम्हाला आपापल्या मुलांच्या बाकावर बसायला सांगितलं आणि मुलांची सकाळ जशी सुरू होते तशी आमची सुरू केली. दप्तर अडकवा. डायरी काढून कोपऱ्यातल्या टोपलीत ठेवा. गृहपाठाची वही त्या-त्या विषयाच्या गठ्ठ्यात. मग जागेवर येऊन फळ्यावरचा ‘सुरुवातीचा प्रश्न’ वहीत उतरवायचा आणि हजेरी होईपर्यंत सोडवायचा. त्या दिवशी प्रश्न होता: 50 मुलांना सहलीला न्यायचंय, एका गाडीत 8 मुलं बसतात, तर गाड्या किती लागतील?

मी 6 लिहून 2 उरले असं लिहिलं. शेजारच्या बाकावरच्या आईंनी 7 लिहिलं. बाईंनी दोन्ही उत्तरं फळ्यावर घेतली आणि एवढंच विचारलं, “ती दोन मुलं कुठे बसणार?” भागाकार बरोबर आला तरी प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलेलं असतं, आणि चौथीत मुलांना नेमकं हेच शिकायचंय, हे मला त्या एका उदाहरणात समजलं.

भिंतीवर जबाबदाऱ्यांचा तक्ता होता. फळा पुसणे, वह्या वाटणे, झाडांना पाणी, वाचनकोपरा आवरणे, आणि दर आठवड्याला नावं बदलतात. आमच्या मुलीकडे वाचनकोपरा होता. घरी याबद्दल अवाक्षर नाही! पूर्वी मी “आज शाळेत काय केलं?” असं विचारायचो आणि “काही नाही” असं उत्तर यायचं. आता विचारतो, “आज फळ्यावर पहिला प्रश्न काय होता?” किंवा “या आठवड्यात तुझ्याकडे काय आहे?” मग ती बोलत सुटते. वर्ग डोळ्यांसमोर असला की प्रश्न विचारता येतो.

दोन मुलांची आई

मला गणिताबद्दल लिहायचंय, कारण घरोघरी भांडणं तिथेच होतात.

मोठ्याच्या वेळी सभेत “यंदा दोन अंकी गुणिले दोन अंकी, मोठे भागाकार, अपूर्णांक, कोन, परिमिती आणि क्षेत्रफळ” अशी यादी वाचून दाखवली होती. ती ऐकून मी निर्धास्त झाले, हे सगळं तर मला येतं. पुढे वहीत 24 × 13 साठी एक मोठी चौकट आणि तिचे चार तुकडे दिसले, तेव्हा काय चाललंय ते मला कळेना आणि त्याला ते मला समजावता येईना.

धाकटीच्या वेळी सरांनी सभेत हेच उदाहरण घेतलं. आम्हा सगळ्यांना चौकटीचा कागद दिला. वरच्या बाजूला 20 आणि 4, डाव्या बाजूला 10 आणि 3. मग चार खोके भरायचे: 20 × 10 म्हणजे 200, 4 × 10 म्हणजे 40, 20 × 3 म्हणजे 60, 4 × 3 म्हणजे 12. बेरीज 312. त्याखाली आपली नेहमीची उभी मांडणी केली: 24 × 3 चे 72, त्याखाली 240, बेरीज पुन्हा 312. मग सरांनी रंगीत खडूनं दाखवलं की 72 म्हणजे खालचे दोन खोके, 60 आणि 12. आणि 240 म्हणजे वरचे दोन, 200 आणि 40. दुसऱ्या ओळीत आपण शून्य का लिहितो याचं कारण शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्या कागदावर समोर दिसलं. आपण 24 ला 1 नं गुणत नसतो, 10 नं गुणत असतो.

सरांनी पालकांना एकच विनंती केली. तुमची पद्धत चुकीची नाही, मुलं वर्षअखेरीला तिच्याकडेच येणार आहेत, पण चौकट चालू असताना घरी उभी मांडणी शिकवू नका, मुलाला म्हणा, “तुझी पद्धत मला समजावून सांग.” हे मी अक्षरशः पाळलं. ती मला शिकवायला लागली की कुठे अडकते ते तिचं तिलाच सापडतं.

अपूर्णांकांचंही थोडक्यात. एकाच लांबीच्या कागदी पट्ट्या देऊन एकीचे तीन, दुसरीचे चार सारखे भाग करायला लावले. 4 हा 3 पेक्षा मोठा, म्हणून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशपेक्षा मोठा, असं बहुतेक मुलांना आधी वाटतं. पट्टीचे तुकडे शेजारी ठेवले की वाद संपतो. त्या पट्ट्या आमच्या घरी अजून आहेत, रोज लागतात.

चौथीचे शिक्षक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी गृहपाठाबद्दल लिहितो.

पालकसभेत मला सर्वात जास्त प्रश्न गृहपाठावर येतात. निम्म्या पालकांना तो फार वाटतो, निम्म्यांना कमी. मी गृहपाठावर संशोधन करणाऱ्या हॅरिस कूपर यांनी मांडलेला ढोबळ नियम सांगतो: इयत्तेमागे 10 मिनिटं, म्हणजे चौथीला 40 मिनिटं. आणि त्यापुढची गोष्ट ठासून सांगतो: 40 मिनिटं मन लावून बसूनही काम उरलं तर थांबवा. डायरीत “इथपर्यंत झालं” असं लिहून सही करा. ती सही मला हवी असते, कारण तिच्यावरून मला कळतं की काम जास्त दिलं गेलं की मुलाला ते समजलंच नाही.

पालकांनी रात्री उशिरापर्यंत बसून पूर्ण करून घेतलेली वही माझ्या काही कामाची नसते. सगळी उत्तरं बरोबर असतील तर मी पुढचा धडा सुरू करतो आणि मूल मागेच राहतं. खोडलेलं, अर्धवट, चुकलेलं पान मला हवंय, हे मी सभेत खऱ्या पानांचे नमुने दाखवून सांगतो (नावं झाकून).

शिवाय झोप. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. वर्गात पहिल्या तासाला डोळे चोळणारं मूल आळशी नसतं. हे सांगताना काही पालक मान खाली घालतात, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही, पुढे जातो.

पाळीत काम करणारी आई

मला सभेला जाता आलं नाही. एकदाही नाही. ज्यांना येता येत नाही त्यांना मुलाची पर्वा नाही, असा अर्थ कृपया काढू नका. आमच्या बाईंनी सभेनंतर तेच सगळं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवलं, सोबत वर्गाचे चार फोटो: टोपली कुठे, तक्ता कुठे, माझा मुलगा कुठे बसतो. कामावरून परतताना मी ते ऐकलं. शिक्षकांना एवढंच सांगेन, सभा दोन वेळांना ठेवता आली तर बघा, नाहीतर असं काहीतरी करा.

नातवाचे आजोबा

शाळेच्या चिठ्ठीत “पालक किंवा घरी अभ्यास घेणारी व्यक्ती” असं लिहिलं होतं, म्हणून मी गेलो. दुपारनंतर नातू माझ्याकडेच असतो.

मला सर्वात उपयोगी पडलं ते प्रकल्पांबद्दलचं. बाईंनी टेबलावर दोन प्रकल्प ठेवले. एक देखणा, छापील मथळे, सरळ कापलेली चित्रं. दुसरा हाताने काढलेला, ओबडधोबड, गोंद बाहेर आलेला. पण त्यात मुलाने झाडाचं निरीक्षण करून पान कधी गळलं, कोंब कधी आला ते तारखांसकट लिहिलं होतं. गुण कशाला कसे देतात ते त्यांनी तक्त्यावर दाखवलं: निरीक्षण, स्वतःच्या शब्दांत मांडणी, वर्गासमोर सांगणं. सजावटीला अगदी थोडे गुण. तेव्हापासून आमच्याकडे कात्री आणि गोंद नातवाच्याच हातात असतात. मी शेजारी बसतो आणि विचारतो, “हे तुला कसं कळलं?”

हळू वाचणाऱ्या मुलाची आई

हा धागा वाचून लिहायचं धाडस करतेय.

माझा मुलगा तिसरीपर्यंत गोष्टी छान वाचायचा. चौथीत विज्ञानाचा धडा समोर आला की अडखळायचा, चिडायचा, पुस्तक मिटून टाकायचा. मला वाटायचं लक्ष नाही. सभेत बाईंनी तिसरीचं एक पान आणि चौथीचं एक पान शेजारी-शेजारी पडद्यावर दाखवलं. तिसरीच्या पानावर बोलण्यातले शब्द होते. चौथीच्या पानावर बाष्पीभवन, पचनसंस्था, अनुकूलन. अक्षरं त्याला वाचता येत होती, पण हे शब्द त्यानं कधी कानांनी ऐकलेलेच नव्हते. जीन चॉल यांचं नाव मला इथेच कळलं, पण त्यांनी सांगितलेलं आमच्या घरात घडत होतं.

बाईंनी सभेत कुठल्याही मुलाचं नाव घेतलं नाही, याचे मी मनापासून आभार मानते. नंतर बाजूला घेऊन त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. धडा वर्गात येण्याआधी त्यातले शब्द घरी बोलण्यात आणायचे. एक परिच्छेद मी वाचायचा, एक त्यानं. आणि प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तकावर हात ठेवून “काय सांगितलं रे यात?” एवढंच विचारायचं. कपडे वाळत घालताना आम्ही बाष्पीभवनावर बोललो. पाणी कुठे गेलं, उन्हात लवकर का वाळतं, वारा असला की काय होतं. दोन दिवसांनी तो शब्द धड्यात आला तेव्हा तो न थांबता पुढे गेला.

अजूनही तो हळूच वाचतो. पण पुस्तक मिटत नाही.

दुसऱ्या भाषेच्या शाळेतल्या मुलीचे बाबा

आमच्या घरची भाषा एक, शाळेची दुसरी. सभेत भीतभीत विचारलं की घरी शाळेची भाषा बोलायला सुरुवात करू का. शिक्षिकेनं स्पष्ट सांगितलं, करू नका. परिमिती म्हणजे काय ते तुमच्या भाषेत नीट समजलं की शाळेच्या भाषेतला शब्द तिला मी देईन. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांवर संशोधन करणाऱ्या जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये हेच मांडलं, की एका भाषेतली समज दुसरीत कामाला येते. मुलीसोबत टेबलाच्या चारही कडा दोऱ्याने मोजल्या, मराठीत. बास.

एक पालक

थोडा वेगळा सूर लावतो. वर्ग दाखवा, जरूर दाखवा, पण यादीही द्या. कोणत्या महिन्यात कोणता घटक, चाचणी कधी, कुठल्या घटकासाठी घरी काय साहित्य लागेल. बाकावर बसण्याचा अनुभव छान असतो, पण पुढे लक्षात राहत नाही. फ्रिजवर लावलेला कागद मात्र रोज दिसतो. आम्हाला तो मिळाला नाही, आणि कोनमापक हवा हे आदल्या रात्री कळलं.

धागाकर्ती

मान्य, कागद हवाच. मी यंदा महिन्यागणिक एक ओळ घटकाची आणि एक ओळ साहित्याची अशी देणार आहे.

चौथीच्या दुसऱ्या एक शिक्षिका

आमच्याकडे आता मुलंच वर्ग दाखवतात. शाळा सुरू झाल्यावर थोडे दिवस जाऊ देतो, दिनक्रम अंगवळणी पडला की पालकांना बोलावतो. प्रत्येक मूल आपल्या पालकांना हाताला धरून फिरवतं: ही माझी जागा, इथे वही ठेवायची, भांडण झालं की या कोपऱ्यात बसून दोघांनी बोलायचं, हे माझं निबंधाचं पहिलं लेखन आणि हे सुधारलेलं. मी फक्त मध्ये उभी असते. वर्गात एक अक्षर न बोलणारी एक मुलगी त्या दिवशी आईला अर्धा तास समजावत होती. मी तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला, आणि त्यानंतर तिला प्रश्न कसा विचारायचा हेही कळलं.

दोन मुलांची आई

कुणी भागाकाराचंही असंच लिहाल का? आता आमच्याकडे तेच सुरू होतंय. “मोठे घास काढायचे” असं काहीतरी मुलगी म्हणते.

चौथीचे शिक्षक

लिहितो, ताई. 748 ÷ 6 घ्या. सहाचे 100 गट काढले, 600 गेले, उरले 148. आणखी 20 गट काढले, 120 गेले, उरले 28. आणखी 4 गट, 24 गेले, उरले 4. गटांची बेरीज 100, 20 आणि 4 म्हणजे 124, बाकी 4. मुलीनं 100 ऐवजी आधी 50 काढले आणि मग पुन्हा 50 काढले तरी चालेल, एक ओळ वाढेल इतकंच. तिला घाई करू नका. थोड्या दिवसांनी ती आपणहूनच मोठा घास घेते.