फीडलॉटमधलं जनावर: सरसकट विकावं की प्रतीवर?

रानवाट:
अमेरिकेत फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं कापण्याआधी दाणा घालून पुष्ट करायच्या मोठ्या गोठ्यात, तयार झालेला गोऱ्हा दोन रीतींनी विकला जातो. एक, अख्ख्या कळपाला जिवंत वजनावर सरसकट दर. दुसरी 'ग्रिड': कापल्यावर प्रत्येक धडाची प्रत बघून पैसे. बाराव्या-तेराव्या बरगडीच्या मध्ये काप घेऊन मांसात मुरलेली चरबी बघतात, त्यावरून प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशी उतरत्या क्रमाने प्रत ठरते. मांसाच्या उताऱ्याचा, म्हणजे धडातून किती विकाऊ मांस निघेल याचा, १ ते ५ हा आकडा वेगळा, त्यात १ सर्वांत चांगला.
माझ्या मते ग्रिडच न्याय्य. आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर निघतो. बेणं निवडून ऊस जोपासणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. सरसकट विक्रीत तेच होतं. समजा, गोऱ्हा १५०० पौंडांचा आहे. जिवंत वजनाच्या ६३ टक्के धरलं तर धड ९४५ पौंड. चॉइस आणि सिलेक्टमध्ये शंभर पौंडांमागे १० डॉलरचा फरक धरला, तरी एका जनावरामागे साडेचौऱ्याण्णव डॉलर. हे पैसे ज्याने चांगला वळू निवडला त्याचेच आहेत.

हिशेबवही:
दादा, उसाचंच उदाहरण घेतलंत तर काटामारीही आठवा. काटा कुणाच्या हातात, हा खरा प्रश्न. तिथे तयार गुरांपैकी जवळपास ८५ टक्के चार कंपन्या कापतात. ग्रिडचा मूळ दर बहुतेक वेळा रोख सौद्यांच्या दरावरून ठरतो, त्यावर प्रतीप्रमाणे वाढ किंवा कट्टी, म्हणजे कपात. जितकी गुरं ग्रिडवर जातील तितके घासाघीस करून होणारे सौदे घटतात. मग थोडक्या सौद्यांचा दर हजारो जनावरांना लागतो. वरचे दहा डॉलर मिळवताना पायाच खचला तर काय कमावलं?

गोठा_कॅन्सस:
मी पशुवैद्य आहे, म्हणून काट्याबद्दल आधी बोलतो. प्रत ठरवणारा माणूस कंपनीचा नसतो, सरकारी कृषी खात्याचा असतो. फी कंपनी भरते, पण शिक्का सरकारचा. हल्ली कॅमेऱ्याचीही मदत घेतात. तेव्हा काटामारीची तुलना इथे बसत नाही.
मला भीती कट्टीची आहे. प्रत वाढावी म्हणून आणखी काही आठवडे खाऊ घातलं की पाठीवर चरबी चढते आणि उतारा ४ किंवा ५ वर जातो. कळपातल्या अशा थोड्या जनावरांनी बाकीच्यांची कमाई खाल्ली जाते. शिवाय वाहतुकीत, धक्काबुक्कीत जनावर बिथरलं की स्नायूतली साखर संपते, मांस काळपट पडतं, आणि त्याची कट्टी फार मोठी. स्वतःच्या कळपाची प्रत माहीत नसेल त्याने ग्रिडवर जाऊच नये.

रानवाट:
डॉक्टर, माहीत कशी होणार? सरसकट विकून तर कधीच नाही. यू.एस. प्रीमियम बीफ ही उत्पादकांची कंपनी १९९६ ची. शेअर घेतले की गुरं पाठवायचा हक्क मिळतो आणि प्रत्येक जनावराच्या धडाची माहिती हातात येते. पुढचा वळू त्यावरूनच निवडायचा. हिशेबवही, कत्तलखान्यातच उत्पादकांचा वाटा असणं हे तुमच्या चार कंपन्यांनाही उत्तर आहे.

हिशेबवही:
उत्तर आहे, पण ज्याच्याकडे शेअरला पैसे आहेत त्याचं. मूळ दराचा प्रश्न तिथेही उरतोच.

माळरान:
सगळे फीडलॉटवाल्याबद्दलच बोलताय. गायी पाळून वासरं तयार करणारा छोटा शेतकरी ती सहा-आठ महिन्यांची असतानाच लिलावात विकून मोकळा होतो. चांगल्या वळूचा खर्च त्याचा, ग्रिडची वाढ पुढच्या मालकाची. कापेपर्यंत मालकी स्वतःकडे ठेवायची तर वर्षभर खाद्याचा खर्च आणि बँकेचं व्याज. ते त्याला झेपत नाही. आधी प्रतीची माहिती वासरामागोमाग त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी, म्हणजे लिलावात तो निदान दाखला दाखवून चार पैसे जास्त मागेल. तोवर ग्रिडला न्याय्य म्हणायला मी तयार नाही.